जुनी ट्रॉली दुरुस्त केली, पण डावा हब पुन्हा पुन्हा तापतो

आमच्या दोनचाकी ट्रॉलीच्या डाव्या चाकात चौदा महिन्यांत तीन वेळा बेअरिंग घातलं. उजव्या चाकात एकदाही नाही. धुरा तोच, माल तोच, रस्ता तोच, ग्रीससुद्धा एकाच डब्यातलं. तिसऱ्यांदा दुकानात गेलो तेव्हा काउंटरवरच्या पोराने नंबर न विचारताच बॉक्स पुढे सरकवला. तेव्हा जरा लाज वाटली. घरी येऊन भंगाराच्या डब्यातून जुनी बेअरिंगं बाहेर काढली आणि पहिल्यांदा नीट बघितली. खरं तर हे काम पहिल्याच वेळी करायला हवं होतं.

ट्रॉली मूळची मामांची. वाळवा तालुक्यातल्या त्यांच्या गोठ्यामागे सहा पावसाळे उभी होती. तळाचा पत्रा चाळण झालेला, मागचा फाळका एका बिजागरीवर लोंबकळत, ९.००-१६ चे टायर भेगाळलेले. शेणखत, मुरूम, उसाचं बेणं आणायला घरची ट्रॉली असावी म्हणून ती घेतली आणि घरच्या घरीच उभी केली. पत्रा, रंग, दिव्यांची वायरिंग ही कामं वेळखाऊ होती पण सरळ होती. डोकं खाल्लं ते हबने, म्हणजे चाकाच्या मधल्या, बेअरिंग बसतं त्या भागाने.

किती तापलं म्हणजे तापलं?

भरलेली ट्रॉली दहा किलोमीटर ओढली की हब कोमट होणारच. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. थांबल्या थांबल्या दोन्ही हबच्या टोपीला तळहात लावून बघा. आधी मात्र बोटाने हळूच चाचपा, थेट पंजा चिकटवू नका. हात निवांत ठेवता येत असेल तर ठीक. दोन-तीन सेकंदांत हात मागे घ्यावासा वाटला तर तापमान साधारण ६० अंशांच्या पुढे गेलेलं असतं. पाण्याचा थेंब चर्र करून उडाला तर शंभराच्या वर आहे, ट्रॉली तिथेच सोडा. एका हबच्या आकड्यापेक्षा दोन्ही बाजूंतला फरक जास्त बोलका असतो. डावा चटका देतोय आणि उजवा गार, तर दोष डाव्यातच आहे, उन्हाला नावं ठेवू नका.

तुमच्या ट्रॉलीला ब्रेक असतील तर आधी ड्रमकडे बघा. लायनर घासत असेल तरी हब तसाच तापतो. बाहेरून फरक कळत नाही. चाक उचलून ब्रेक पूर्ण सैल करा, हाताने फिरवा, चाक मोकळं फिरलं तर दोष ब्रेकचा नाही. आमच्या ट्रॉलीला ब्रेकच नाहीत, त्यामुळे ही एक शंका आपोआप मिटली. (ब्रेक नाहीत ही अभिमानाची गोष्ट नाही, पण तो वेगळा विषय.)

कधी तापतं, हे आधी आठवा

पाने हातात घ्यायच्या आधी पाच मिनिटं बसून हे आठवलं असतं तर माझी दोन बेअरिंगं वाचली असती. नवीन बेअरिंग घातल्यावर पहिल्याच फेरीत तापत असेल तर बसवण्यात चूक आहे, म्हणजे धुऱ्याच्या टोकाचा नट जास्त आवळलाय किंवा बेअरिंग चुकीचं आलंय. उन्हाळाभर ठीक चाललं आणि पावसाळ्यानंतर त्रास सुरू झाला तर पाणी आत गेलंय, सील (पाणी अडवणारी रबरी कडी) बघा. आधी बरेच दिवस घरघर ऐकू येते, चाक हाताने फिरवलं की खरखर जाणवते आणि मग हळूहळू ताप चढतो, तर बेअरिंगमधल्या रोलरचा किंवा रिंगचा पृष्ठभाग खराब झालाय. आणि नट नीट बसवूनही चार दिवसांनी चाक परत हलायला लागतं, तर हबमधली वाटी, म्हणजे बेअरिंगची बाहेरची रिंग, सैल आहे.

माझ्याकडे हे सगळं आळीपाळीने झालं. म्हणून तर गोंधळ उडाला. दर वेळी एक कारण सापडायचं, ते खरंही असायचं, आणि ते निस्तरलं की मी समाधानाने हात धुवायचो.

पहिली वेळ: पाइप लावून आवळलेला नट

चाक जॅकवर घेऊन वरखाली हलवलं तर टकटक वाजत होतं. शेजारच्या दादांनी पान्याला हातभर पाइप लावला आणि नट गच्च केला. "आता हलतंय का बघ." हलत नव्हतं. बारा किलोमीटरवर हब एवढा तापला की टोपीवरचा नवा रंग फुगला. उघडलं तर रोलर निळे-जांभळे पडलेले.

ट्रॉलीला असतं ते टेपर रोलर बेअरिंग, म्हणजे तिरक्या रोलरचं. ते जोडीने बसतं, आतलं मोठं, बाहेरचं लहान, आणि नट आवळला की दोन्ही एकमेकांकडे दाबली जातात. बाकीचे नट आवळू तितके बरे, हा नट तसा नाही. तो आवळायचा तो चाक हाताने फिरवत फिरवत, म्हणजे रोलर आपापल्या जागी जाऊन बसतात. चाक जड लागायला लागलं की थांबायचं. मग एक षष्ठांश ते पाव फेरा मागे सोडायचा, नटाची जवळची खाच धुऱ्यातल्या भोकाशी जुळवायची आणि नट फिरू न देणारी कॉटर पिन घालून तिची टोकं दुमडायची. पिन दर वेळी नवी घ्या. जुनी सरळ करून घातलेली पिन रस्त्यात तुटली तर चाक ट्रॉलीला मागे टाकून पुढे निघतं.

एवढं केल्यावर चाकाला अगदी किंचित ढिल राहते. डायल गेज (बारीक ढिल मोजायचं घड्याळासारखं यंत्र) असेल तर ती एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहून कमी भरायला हवी. गेज नसेल तर टायर वरखाली धरून हलवल्यावर जाणवेल न जाणवेल इतकी. ठोका ऐकू आला तर जास्त आहे. अजिबात ढिल नाही असं चाक बघून बरं वाटतं, पण गरम झाल्यावर धातू फुगतो आणि उरलेली जागाही संपते.

नंबर वाचा, डोळ्यांनी मोजू नका

बेअरिंगच्या रिंगवर नंबर कोरलेला असतो. शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणलं की आतल्या भोकाचा व्यास मिलिमीटरमध्ये मिळतो. ३२२१० म्हणजे १० गुणिले ५, भोक ५० मिमी. इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. फसायला होतं ते पुढे. ३०२१० आणि ३२२१० ही दोन्ही बेअरिंगं भोकाला ५० मिमी आणि बाहेरून ९० मिमी. दोन्ही धुऱ्यावर जातात, दोन्ही हबमध्ये बसतात. पण एकाची रुंदी २१.७५ मिमी आहे आणि दुसऱ्याची २४.७५. तीन मिलिमीटरचा फरक. आतल्या बाजूला रुंदच्या जागी अरुंद बसलं की अख्खा हब आत सरकतो, सील जिथे बसायला हवं तिथे बसत नाही, नटाचे आटे संपतात आणि पिनेचं भोक खाचेच्या बाहेर जातं. मग कोणीतरी मधे एक जास्तीचा वायसर घालतं आणि गाडी पुढे ढकलली जाते. आमच्या हबमध्ये असा एक वायसर निघाला होता. कोणाच्या काळातला, मामांनाही आठवत नाही.

दुसरी गोष्ट, वाटी आणि आतली रिंग जोडीनेच बदला. वाटी ठोकून काढायचा कंटाळा येतो म्हणून जुन्या वाटीत नवे रोलर फिरवायचे, हा उद्योग मीही केलाय. जुन्या वाटीवरचे खड्डे नव्या रोलरवर उमटायला फार दिवस लागत नाहीत.

वाटी निघत नसेल तर तिच्या आतल्या बाजूने वेल्डिंगचा एक गोल टाका फिरवा आणि गार होऊ द्या. वेल्डिंग आकसतं, सोबत वाटीही आकसते आणि बऱ्याचदा हाताने निघते. हे करताना हब धुऱ्यावरून पूर्ण उतरवलेला हवा. वेल्डिंगचं आणि बेअरिंगचं वाकडं किती आहे ते पुढे येतंच.

दुसरी वेळ: ताकासारखं ग्रीस

दसऱ्याच्या सुमारास पुन्हा तेच. टोपी उघडली तर ग्रीस पिवळट-पांढरं, पातळ, ताक घुसळल्यासारखं. पाणी गेलं होतं. पावसाळ्यात पाणंदीतल्या चिखलात हबपर्यंत चाक बुडतं. गरम हब थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी ओढून घेते.

सील नवीन होतं तरी पाणी गेलं, ते का? धुऱ्यावर ज्या जागी सीलचा ओठ टेकतो तिथे जुन्या सीलने खाच पाडलेली होती. नख फिरवलं तर अडकत होतं. नवं सील बरोबर त्याच खाचेत जाऊन बसलं, मग ते नवं काय आणि जुनं काय. यावर दोन उपाय आहेत. खाच उथळ असेल तर सील दोन मिलिमीटर आत किंवा बाहेर बसवायचं, म्हणजे ओठ चांगल्या जागेवर येतो. खोल असेल तर लेथवर त्या जागी स्लीव्ह (पातळ नळी) घालून घ्यायची. मी पहिला उपाय केला, अजून टिकलाय.

ग्रीसबद्दल थोडं बोलावं लागेल, कारण यात सगळ्यात जास्त हलगर्जीपणा होतो. दुकानात सर्वात स्वस्त मिळतं ते चॅसीचं (खालच्या सांगाड्याचं) कॅल्शियम ग्रीस. पाण्याला ते चांगलं टिकतं पण शंभर अंशांच्या आसपासच वितळून वाहायला लागतं. कमानीच्या (पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या) पिना आणि बुश (पिनेभोवतीचं कडं) यांना ते चालेल. हबला लिथियमचं, दोन नंबर घट्टपणाचं ग्रीस लागतं, ते १८० अंशांच्या आसपास जाईपर्यंत वितळत नाही. जुन्यावर नवं चोपडू नका. वेगळ्या जातीची ग्रीसं मिसळली तर काही वेळा दोन्ही पातळ होऊन गळतात. रॉकेलने किंवा डिझेलने सगळं धुवा, वाळू द्या. धुतलेलं बेअरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवायचा मोह होतो, आवाजही छान येतो. तो मोह आवरा. ग्रीस नसताना त्या वेगाला रोलर उडाला तर डोळा जाऊ शकतो.

ग्रीस तळहातावर घेऊन रोलरच्या जाळीत दाबून भरायचं, दुसऱ्या बाजूने बाहेर डोकावेपर्यंत. हबच्या आतल्या पोकळीत मात्र तिसरा हिस्सा, फार तर अर्धी. पूर्ण ठासून भरलं तर ग्रीस घुसळलं जातं आणि त्यानेच हब तापतो, शिवाय फुगलेलं ग्रीस सील बाहेर ढकलतं. आमच्याकडे "भरपूर घाल, बाहेर येऊ दे" हीच पद्धत होती.

तिसरी वेळ: हबमध्येच फिरणारी वाटी

हंगाम सुरू असताना, फेब्रुवारीत, चाक डुलायला लागलं. नट आवळला, चार दिवसांनी पुन्हा डुललं. उघडलं तर वाटी हबमधून हाताने निघाली. ती निघता कामा नये. वाटी हबमध्ये ठोकून किंवा दाबूनच जायला हवी. पहिल्या दोन वेळी बेअरिंग जाम झालं तेव्हा वाटीच हबमध्ये फिरली असणार आणि तिने आपली जागा घासून मोठी केली. आतून हब आरशासारखा चकाकत होता, ती त्याचीच खूण.

यावर गावठी इलाज सगळ्यांना ठाऊक आहे. हबच्या आतून पंचाने ठिपके मारायचे, म्हणजे धातू उचलला जातो आणि वाटी घट्ट बसते. किंवा डब्याचा पत्रा कापून मधे घालायचा. रस्त्यात अडकला असाल तर घरी पोचण्यापुरतं करा. त्यावर हंगाम काढू नका. वाटी ठिपक्यांच्या टोकांवर टेकते, भरलेल्या ट्रॉलीखाली ती टोकं चेपतात, वाटी तिरकी होते आणि रोलर एका काठावर चालायला लागतात. हब चांगला असेल तर लेथवर बोअर मोठा करून आत बुश दाबून घ्यायचा आणि तो वाटीच्या मापाला काढायचा. बाहेर टाका फिरवून वाटी हबला वेल्ड करणारेही आहेत, त्यांच्याबद्दल काही बोलत नाही.

मी हब घेऊन कोल्हापूरला उद्यमनगरात गेलो. सोबत तिन्ही वेळची जुनी बेअरिंगं पिशवीत होती, मापासाठी म्हणून. लेथवरच्या मिस्त्रींनी हब बाजूला ठेवला आणि पिशवीतलं शेवटचं बेअरिंग उचललं. रोलर पुसला, उजेडात धरला, चष्मा कपाळावर सरकवून अगदी डोळ्याजवळ नेला.

"ह्याला करंट बसलाय बघा. वेल्डिंग करताना अर्थ कुठं लावता?"

मला काही सुधरेना. मग त्यांनी दाखवलं. रोलरवर सुईच्या टोकाएवढे खड्डे होते, एका रेषेत, कडा वितळल्यासारख्या. गंजाचे खड्डे असे नसतात. ते वेडेवाकडे असतात, तळाशी काळे किंवा तांबूस. जास्त भाराने उडालेले टवके मोठे असतात, पापुद्रा निघाल्यासारखे. हे खड्डे ठिणगीचे होते.

मग सगळं जुळलं. आमच्या घरी विजेचा पॉइंट गोठ्याच्या भिंतीवर आहे. ट्रॉली लावली की तिची डावी बाजू भिंतीकडे येते. वेल्डिंग मशीन तिथेच, केबल आखूड. सहा पावसाळे गंजलेल्या आणि मग मी हौसेने दोन हात रंग दिलेल्या ट्रॉलीवर उघडा, स्वच्छ धातू एकाच ठिकाणी होता, चाकाच्या नटांवर. अर्थचा क्लॅम्प, म्हणजे करंट मशीनकडे परत नेणाऱ्या केबलचा चिमटा, मी दर वेळी डाव्या चाकाच्या नटाला लावत होतो. वेल्डिंग चालू होतं फाळक्यावर, करंटला क्लॅम्पपर्यंत जायचं तर वाट एकच. हौदा, चॅसी, कमान, धुरा, आणि तिथून बेअरिंगमधून हबला. रोलर आणि रिंग यांच्यामध्ये ग्रीसचा पातळ थर असतो, त्यातून ठिणगी उडते आणि जिथे उडते तिथला पोलादाचा कण वितळतो. शंभर-सव्वाशे अँपिअर त्या सुईच्या टोकातून.

त्याहून वाईट म्हणजे वेळ. नवं बेअरिंग घातलं की ट्रॉली सुट्टीवर आहेच म्हणून मी राहिलेलं वेल्डिंग काढायचो. पहिल्यांदा फाळक्याची बिजागरी, दुसऱ्यांदा मडगार्ड, तिसऱ्यांदा मागच्या दिव्याची पट्टी. प्रत्येक नव्या बेअरिंगला पहिल्याच आठवड्यात मी स्वतःच्या हाताने मार देत होतो. नट, पाणी, सैल वाटी ही कारणं खोटी नव्हती. पण ती निस्तरल्यावरही डावं चाक का सुधारत नाही, त्याचं उत्तर त्या केबलच्या लांबीत होतं. डावीकडे रस्ता उतरता असतो म्हणून तेच चाक मरतं, असं मला चार जणांनी सांगितलं होतं. त्यात थोडं तथ्य आहे, पण त्याने रोलरवर ठिणगीचे डाग पडत नाहीत.

नियम सोपा आहे. क्लॅम्प जिथे वेल्डिंग करताय त्याच तुकड्यावर, हातभर अंतरात लावा. रंग गेला तरी चालेल, कानशीने दोन बोटं जागा घासून काढा आणि नंतर डाग मारा. चाक, ड्रम, ट्रॅक्टरचा हुक, जॅकचा दांडा, कुठेही नाही. ट्रॅक्टर जोडलेला असेल तर वेल्डिंगआधी सोडून लांब न्या, त्याचा अल्टरनेटर बेअरिंगपेक्षा महाग आहे.

जोडणी

चाक उचलण्याआधी ट्रॉलीचा पुढचा दांडा ट्रॅक्टरला अडकवलेला हवा. दोनचाकी ट्रॉली सुटी असताना मागे वजन गेलं की शेपटावर बसते. दुसऱ्या चाकाला दोन्हीकडून दगड, धुऱ्याखाली जाड ओंडके, आणि मगच जॅकवरचा भार सोडायचा. हायड्रॉलिकची ट्रॉली असेल तर उचललेल्या हौद्याखाली टेकू दिल्याशिवाय डोकं घालू नका.

चाकं परत चढवली की धुऱ्याचं टोक सरळ आहे का तेही बघून घ्या. दोन्ही टायरच्या मध्यरेषेवर खडूने खूण करा, दोन खुणांमधलं अंतर पुढून मोजा, चाकं अर्धा फेरा फिरवून त्याच खुणा मागून मोजा. पाच-सहा मिलिमीटरहून जास्त फरक आला तर धुरा वाकलाय आणि टायर एका बाजूने झिजत असणार. आमचा सरळ निघाला.

वाटी रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, सकाळी हबमध्ये सहज जाते. घरच्यांना आधी सांगून ठेवा, मी सांगितलं नव्हतं. आतली रिंग धुऱ्यावर घट्ट असेल तर तेलात गरम करा, ८० ते १०० अंश पुरे, १२० च्या पुढे नको. गॅसची ज्योत थेट लावू नका, पोलादाचं पाणी उतरतं. ठोकायचंच असेल तर पितळी गजाने, गोल फिरत, थोडं थोडं. रोलरवर किंवा जाळीवर घाव नको.

पहिली फेरी रिकामी, दोन किलोमीटर, हात लावून बघा. मग दहा. मग अर्धा माल. शंभरेक किलोमीटर झाले की पुन्हा जॅक लावून ढिल तपासा, नवं बेअरिंग बसतं तसा नट जरासा सैल पडतो.

मालाबद्दल एकच हिशोब सांगतो. रोलर बेअरिंगचं आयुष्य भाराच्या प्रमाणात सरळ कमी होत नाही. भार दीडपट केला तर आयुष्य पावावर येतं, दुप्पट केला तर दहाव्या हिश्श्यावर. "एकच फेरी जास्तीची भरू" म्हणताना हे आठवलं तर बरं.

यंदा हंगाम संपेपर्यंत डावा हब एकदाही कोमटाच्या पुढे गेला नाही. वेल्डिंग मशीनला दहा मीटरची नवी केबल जोडली आणि भिंतीवर पॉइंटशेजारी रंगाने "अर्थ चाकाला नाही" असं लिहून ठेवलंय, कारण मशीन आता मामांचा मुलगाही नेतो. उजव्या हबची टोपी मात्र अलीकडे ग्रीस गाळायला लागलीय. पाऊस उघडला की ती खोलायची आहे.